वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि तिच्यामागची सेवा: दहा वर्षांनंतरचा अभिप्राय

पुण्यातील एका खासगी रुग्णालयात जानेवारी २०१५ मध्ये माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आणि चौथ्या दिवशी घरी सोडताना तेथील कर्मचाऱ्यांनी माझ्याकडून एक अभिप्राय-अर्ज भरून घेतला. परिचारिकांचे वागणे, खोलीची स्वच्छता, जेवण, बिल तयार होण्यास लागलेला वेळ या सगळ्यांना मी पाचापैकी पाच गुण दिले, आणि ते मनापासून दिले. मात्र या सेवेचा जो भाग माझ्या वाट्याला पुढे आयुष्यभर येणार होता, त्याबद्दल त्या दिवशी मला काहीच सांगता येणार नव्हते. आता दहा वर्षे उलटून गेली आहेत, म्हणून तो राहिलेला अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव येथे देत नाही, कारण काही तक्रारी त्यांच्या कानावर मी समक्ष घातल्या आहेत, आणि या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या माणसाला कोणत्याही रुग्णालयात जाताना हा अनुभव उपयोगी पडावा अशी माझी इच्छा आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळी मी ४३ वर्षांची होते, उंची १५८ सेंटीमीटर आणि वजन ११८ किलो होते, म्हणजे बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन किती ते सांगणारा आकडा) ४७ च्या पुढे होता. मधुमेहासाठी दिवसाला ४० युनिट इन्सुलिन घ्यावे लागत होते, रक्तदाबाच्या दोन गोळ्या होत्या, आणि रात्री झोपेत श्वास अडकत असल्यामुळे तोंडावर मुखवटा लावून यंत्राच्या साहाय्याने झोपावे लागत होते. मी माध्यमिक शाळेत शिकवते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर असला की तास सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे मला जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहावे लागे. माझ्यावर झालेल्या शस्त्रक्रियेला गॅस्ट्रिक बायपास म्हणतात. तिच्यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढी लहान पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेल्या जठरातून आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही. पोटावर पाच लहान छेद होते. दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात चालले, आणि तीन आठवड्यांत इन्सुलिन पूर्णपणे बंद झाले. वजन ७४ किलोपर्यंत उतरले ते २०१६ च्या उत्तरार्धात. आज ते ८१ आहे. श्वासाचे यंत्र कपाटात गेले, रक्तदाबाची एकच गोळी राहिली, आणि इतक्या वर्षांनी मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची एक गोळी पुन्हा सुरू झाली असली तरी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.३ टक्के आहे, शस्त्रक्रियेपूर्वी ती ९.४ होती. शल्यचिकित्सकांनी मधुमेह ‘गेला’ असे कधीच म्हटले नव्हते, तो दबेल आणि कदाचित परत डोके वर काढेल असे सांगितले होते. त्या स्पष्टपणाबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

शस्त्रक्रियेच्या कौशल्याविषयी माझे मत एवढ्यातच संपते: ते उत्तम होते. पुढचे सगळे रोजच्या जगण्याविषयी आहे.

पहिल्यांदा खाण्याविषयी. पहिल्या वर्षी चार चमचे वरणाने पोट भरत असे. आज मला चतकोर ज्वारीची भाकरी, एक वाटी उसळ, थोडी कोशिंबीर आणि अर्धी वाटी दही एवढे जेवण पुरते. मऊ भात आणि ताजी चपाती नीट चावली नाही तर छातीच्या मध्यभागी अडकते, तोंडाला पाणी सुटते आणि उठून जावे लागते. कडक भाजलेली भाकरी मात्र सहज जाते. जेवताना पाणी प्यायचे नाही आणि त्यानंतर अर्धा तास थांबायचे, हा नियम दहा वर्षे पाळते आहे. लग्नाच्या पंगतीत या नियमांचे फार अवघड होते. आपल्याकडे ताटात काही उरले तर वाढणाऱ्याचा अपमान होतो आणि ‘एवढेच?’ हा प्रश्न आपुलकीनेच विचारलेला असतो. सुरुवातीला मी प्रत्येकाला कारण सांगत बसे. आता पंगतीला बसण्यापूर्वीच यजमानीणबाईंना बाजूला घेऊन सांगते की माझे पान लहान मुलांसारखे वाढा, आणि त्या समजून घेतात.

गोडाचा प्रश्न याहून गंभीर आहे. साखर जठरात न थांबता थेट आतड्यात उतरते, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात; याला डंपिंग म्हणतात आणि याची कल्पना मला आधीच दिलेली होती. २०१५ च्या गुढीपाडव्याला सासूबाईंच्या आग्रहाखातर दोन चमचे श्रीखंड खाऊन मी तासभर अंथरुणावर पडून राहिले, तेव्हा ती कल्पना प्रत्यक्षात आली. त्या स्वतः इतक्या घाबरल्या की पुढच्या वर्षीपासून त्यांनी माझ्यासाठी साखर न घातलेला चक्का वेगळा काढून ठेवायला सुरुवात केली. परंतु डंपिंगचा दुसरा, उशिरा येणारा प्रकार मला कोणी नीट समजावून सांगितला नव्हता. तिसऱ्या वर्षी सकाळी पोहे आणि गोड चहा घेऊन शाळेत गेल्यावर दोन तासांनी फळ्यासमोर हात थरथरू लागत, डोळ्यांपुढे अंधारी येई आणि वाक्य अर्धवट राही. सहकाऱ्यांना वाटले की मी अशक्त झाले आहे, म्हणून ते मला पेढा देत, आणि पेढ्याने बरे वाटून पुन्हा दोन तासांनी तेच होई. खाल्ल्यानंतर साखर झपाट्याने वाढते, शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते आणि मग साखर एकदम उतरते, हे कारण मला तपासणीला गेल्यावर कळले. घरच्या साखर मोजण्याच्या यंत्रावर त्या वेळी ४८ हा फारच कमी आकडा आला होता. सकाळच्या पोह्यांऐवजी मुगाचे धिरडे आणि दही, चहा बिनसाखरेचा, आणि एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी व शेंगदाण्याची आमटी एवढ्या बदलाने हा त्रास जवळपास थांबला. एवढी साधी माहिती शस्त्रक्रियेपूर्वीच्या सत्रात मिळायला हवी होती.

येथे आहारसल्ल्याबद्दल सांगितले पाहिजे. पहिल्या आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद इंग्रजीत छापलेला होता आणि त्यात ओट्स, ग्रीक योगर्ट, चिकन सूप, भाजलेला मासा असे पदार्थ होते. आमच्या शाकाहारी घरात अंडे आणायलाही मला सहा महिने लागले. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, हे वाक्य त्या कागदावर ठळक अक्षरांत होते, पण वाटीभर शिजलेल्या वरणातून सात-आठ ग्रॅमपेक्षा जास्त मिळत नाहीत आणि माझ्या पोटात त्या वेळी वाटीभर वरण मावतच नव्हते, हा हिशेब कोणी करून दाखवला नव्हता. २०२२ मध्ये आलेल्या आहारतज्ज्ञांनी तो केला. त्यांनी माझ्या घरातील वाटी मागवून घेतली, तिच्यात किती मावते ते मोजले, आणि पनीर, अंडी, मटकी, दही, दाण्याचा कूट व प्रथिनांची पावडर यांची दिवसभरात विभागणी करून मराठीत हाताने लिहून दिली. तो कागद आजही फ्रिजवर आहे. एका व्यक्तीच्या बदलण्याने सेवेत केवढा फरक पडतो याचे याहून चांगले उदाहरण माझ्याकडे नाही.

आता माझ्या सर्वांत मोठ्या तक्रारीकडे येते. पहिल्या वर्षी रुग्णालयातून दर महिन्याला फोन येत असे, वजन विचारले जाई, तपासण्यांची आठवण दिली जाई. हा एक वर्षाचा पाठपुरावा शस्त्रक्रियेच्या बिलात समाविष्ट होता. वर्ष संपल्यावर फोन थांबले, आणि मीही बरी होते, शाळा होती, मुलीची दहावी होती, म्हणून तपासण्या राहिल्या. दोष दोन्ही बाजूंचा आहे हे मी मान्य करते. पण रुग्णाला बरे वाटू लागते नेमक्या त्याच काळात शरीरातील साठे हळूहळू रिकामे होत असतात, आणि हे रुग्णालयाला माहीत असते, रुग्णाला नाही. लोह मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते, आणि बायपासमध्ये अन्न नेमके तोच भाग टाळून जाते. त्यातच माझी मासिक पाळी त्या वर्षांत जास्त जात होती. चौथ्या वर्षी मला बर्फ चघळण्याची विलक्षण ओढ लागली. मधल्या सुट्टीत मी शाळेसमोरच्या रसवंतीवाल्याकडून पेलाभर बर्फ आणून खात असे. नखे चिरली, जिन्यात पुन्हा दम लागू लागला, आणि मला वाटले की वजन वाढते आहे. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.६ आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ५ निघाले. गोळ्यांनी भागणार नव्हते, म्हणून शिरेतून लोह द्यावे लागले. दोन आठवड्यांत बर्फाची ओढ नाहीशी झाली, आणि ती आजाराची खूण होती हे मला तेव्हा समजले. औषधाच्या दुकानातून आणलेली साधी बहुजीवनसत्त्वाची गोळी मी रोज न चुकता घेत होते. बायपास झालेल्या शरीराला ती पुरत नाही, हेही तेव्हाच कळले.

त्यानंतर गोळ्यांचे वेळापत्रक माझ्या दिवसाचा कणा झाले आहे. सकाळी उठल्यावर लिंबूपाण्याबरोबर लोह, त्यानंतर तासभर चहा नाही. कॅल्शियम लोहापासून किमान दोन तास दूर, तेही सायट्रेट स्वरूपातले, कारण कार्बोनेट शोषायला जठरातले आम्ल लागते आणि माझ्या लहान पिशवीत ते फारच थोडे तयार होते. एकाच वेळी सगळे कॅल्शियम घेऊन उपयोग नाही म्हणून ते दुपारी आणि रात्री विभागून. बी-१२ चे इंजेक्शन ठरलेल्या तारखेला, ड जीवनसत्त्व आठवड्यातून एकदा. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक, प्रथिने आणि साखर यांची तपासणी. औषधांना महिन्याला साधारण १,८०० रुपये आणि वार्षिक तपासणीला ८,००० रुपयांच्या आसपास खर्च येतो. २०१५ मध्ये शस्त्रक्रियेचे बिल ३ लाख ४० हजार झाले होते आणि विमा कंपनीने लठ्ठपणाच्या उपचाराचे कारण देऊन त्यातला एक रुपयाही दिला नव्हता. पुढे विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये वगळण्याच्या कलमांचे नियम ठरवून दिले. त्यांनुसार वय १८ किंवा त्याहून अधिक, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय किमान ४० किंवा नियंत्रणात नसलेला मधुमेह, हृदयविकार, झोपेतील गंभीर श्वासरोध यांसारख्या व्याधी असताना किमान ३५, अशा अटी पूर्ण होत असतील तर या शस्त्रक्रियेला विमा मिळू शकतो. शस्त्रक्रियेनंतरच्या जन्मभराच्या गोळ्यांचा भार मात्र रुग्णावरच राहतो, आणि समुपदेशनाच्या वेळी दाखवलेल्या खर्चाच्या तक्त्यात तो नव्हता.

त्वचेबद्दल बोलताना बायका आवाज खाली आणतात, म्हणून मी स्पष्ट लिहिते. चव्वेचाळीस किलो वजन उतरल्यावर कातडी तेवढी आक्रसत नाही, विशेषतः चाळिशीनंतर. माझ्या पोटावरची घडी मांड्यांपर्यंत लोंबत होती. पावसाळ्यात तिच्या खाली बुरशी येई, कातडी सोलवटे, वास येई, आणि मी साडीच्या आत सुती रुमाल घडी करून ठेवत असे. रुग्णालयाने दाखवलेल्या ‘आधी आणि नंतर’च्या छायाचित्रांच्या वहीत सगळी माणसे पूर्ण कपड्यांत होती. २०१८ मध्ये मी पोटावरची जादा कातडी काढून घेतली. ती शस्त्रक्रिया मला बायपासपेक्षा कितीतरी जड गेली: कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत टाके, दोन नळ्या, सहा आठवडे घट्ट पट्टा, आणि १ लाख ६० हजारांचे वेगळे बिल. काढलेल्या कातडीचे वजन ३.२ किलो भरले. तरीही तो निर्णय योग्य होता असे मी ठामपणे सांगेन, कारण त्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मला एकदाही मलम लावावे लागले नाही. दंडांची कातडी मी तशीच ठेवली आहे आणि कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवते. केस चौथ्या महिन्यापासून मूठमूठ गळत होते, ते वर्षभरात परत आले. थंडी मात्र आता फार लागते, लाकडी बाकावर बसले की हाडे टोचतात, आणि चपलेचे माप एका क्रमांकाने कमी झाले आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये रात्री जेवणानंतर पोटाच्या वरच्या डाव्या बाजूला पिळवटून टाकणारी कळ आली. घराजवळच्या एका दवाखान्यात आम्लपित्ताचे इंजेक्शन देऊन मला घरी पाठवण्यात आले. सकाळी मी माझ्या शल्यचिकित्सकांना थेट फोन केला, आणि सहा वर्षांनंतरही त्यांनी नाव ओळखून तातडीने बोलावले. सीटी स्कॅनमध्ये दिसले की बायपासच्या वेळी आतड्याच्या पडद्यात राहिलेली फट वजन उतरल्यावर, तिथली चरबी वितळल्यामुळे, रुंद झाली होती आणि तिच्यात आतडे सरकून अडकले होते. त्याच संध्याकाळी दुर्बिणीतून ते सोडवून फट शिवण्यात आली. आणखी एक दिवस गेला असता तर आतड्याचा तुकडा काढावा लागला असता. या प्रसंगात रुग्णालयाने जी तत्परता दाखवली तिला तोड नाही. त्यानंतर त्यांनी मला एक ओळखपत्र दिले, ते माझ्या पर्समध्ये कायम असते. त्यावर शस्त्रक्रियेचा प्रकार, आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके देऊ नयेत कारण जोडाजवळ व्रण होऊ शकतो, नाकातून नळी आंधळेपणाने घालू नये, आणि तीव्र पोटदुखीत लगेच सीटी करावा, असे लिहिले आहे. गेल्या वर्षी कोकणात गुडघा दुखावला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ते वाचून हातातले इंजेक्शन बाजूला ठेवले आणि पॅरासिटामॉल दिले. हे ओळखपत्र पहिल्याच दिवशी मिळायला हवे होते.

वजन पुन्हा वाढण्याविषयी रुग्णालये फारशी बोलत नाहीत. २०२२ पर्यंत माझे वजन ८६ वर गेले होते. त्या वेळच्या एका समुपदेशकांनी माझी वही न उघडताच ‘तुम्ही नियम मोडले असणार’ असे म्हटले, आणि त्या दिवशी मी बसमध्ये रडत घरी आले. खरे पाहता, सर्वांत कमी वजनानंतर काही किलो परत येणे या शस्त्रक्रियेनंतर सर्रास घडते. शरीर भुकेचे संकेत पुन्हा जुळवून घेते, स्नायू कमी झालेले असल्यामुळे ऊर्जेचा खर्चही घटलेला असतो. माझ्या बाबतीत आणखी एक कारण निघाले, आणि ते शोधले वर उल्लेख केलेल्या त्याच आहारतज्ज्ञांनी. पेपर तपासताना मी मूठभर चिवडा, दोन बिस्किटे, पुन्हा मूठभर फरसाण असे येता-जाता खात होते. भाकरी-उसळीने लहान पिशवी भरते आणि थांबवते. चिवडा विरघळून निघून जातो आणि कधीच थांबवत नाही. जेवणातली प्रथिने ३५ ग्रॅमवर आली होती. ती वाढवून, आठवड्यातून तीन दिवस वजने उचलण्याचा व्यायाम धरून, मी वर्षभरात ८१ वर आले. तिथेच थांबले आहे, आणि त्याबद्दल मला कोणतीही लाज वाटत नाही.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट कोणत्याही बिलात लिहिलेली नव्हती: महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी भरणारी रुग्णांची बैठक. तिथे साताऱ्याहून एसटीने येणारे एक निवृत्त गृहस्थ होते, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या मुली होत्या, नऊ-दहा वर्षे झालेल्या बायका होत्या. उतरत्या वजनात कपडे तीन-तीन महिन्यांत सैल होतात, म्हणून आम्ही धुवून इस्त्री केलेले ब्लाउज, कुर्ते आणि पँट एका मोठ्या पिशवीत आणून एकमेकांना देत असू. दारू बायपासनंतर फार लवकर चढते आणि काहींना तिचे व्यसन लागते, हा विषय एका गृहस्थांनी स्वतःच्या अनुभवावरून तिथेच मांडला. रुग्णालयाच्या माहितीपत्रकात तो एका ओळीत होता. ‘ऑपरेशन करून बारीक झालीस, त्यात काय मोठे’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना काय उत्तर द्यावे, आणि ‘आजारी आहेस का?’ असे काळजीने विचारणाऱ्यांना काय सांगावे, हे मी त्याच खोलीत शिकले. महासाथीत ती बैठक बंद पडली आणि नंतर मोबाइलच्या पडद्यावर सुरू झाली; दर तीन महिन्यांनी तरी ती प्रत्यक्ष भरावी, असा अर्ज आम्ही बाराजणांनी सही करून दिला आहे.

गुण द्यायचे तर शस्त्रक्रियेला पाच, अडचणीच्या वेळच्या मदतीला पाच, पहिल्या सात वर्षांच्या आहारसल्ल्याला आणि पाठपुराव्याला दोन, आणि २०२२ नंतरच्या त्याच कामाला चार देते. ही शस्त्रक्रिया पुन्हा करून घ्यायची वेळ आली तर मी घेईन का, असे मला विचारले जाते. घेईन, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात आता मी मुलांच्या आधी पोहोचते.

नणंदेची मुलगी ३१ वर्षांची आहे आणि पुढच्या महिन्यात ती याच कारणासाठी एका दुसऱ्या रुग्णालयात पहिल्यांदा जाणार आहे. तिने मला सोबत यायला सांगितले आहे. शल्यचिकित्सकांनी किती शस्त्रक्रिया केल्या हे ती विचारेलच. मी पाचव्या वर्षानंतर किती रुग्ण तपासणीला येतात, जे येत नाहीत त्यांना फोन कोण करते, आहारतज्ज्ञ मराठीत आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या पदार्थांनी लिहून देतात का, गरोदरपणाचा विचार असेल तर किती थांबावे लागेल आणि त्या काळात तपासण्या कोण पाहील, आणि मध्यरात्री पोट दुखले तर कोणता क्रमांक लावायचा, हे विचारणार आहे. माझी स्वतःची फाइल, त्यात हिमोग्लोबिन ७.६ चा तो अहवाल वर ठेवून, तिला दाखवण्यासाठी काढून ठेवली आहे.